मठाच्या भिंतीवरची वरात

“एक अंग दुसऱ्यासारखं नाही!” साहेब म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या पिशाच्चाच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं. “हे सुचलं कसं तुम्हाला?”

ईश्वरप्पा पेंटर नुसताच हसला. लातूर जिल्हा होऊन महिनाही झाला नव्हता. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब उदगीरच्या मठात आले होते आणि शंकराच्या लग्नाची वरात बघून दारातच थबकले होते. चांगली पंचवीस हात लांब भिंत. पुढं नंदीवर बसलेला महादेव, मागं त्याचे गण, वेताळ, भुतं. दुसरे पेंटर एकच धड काढायचे आणि त्यावर निरनिराळी मुंडकी बसवायचे. ईश्वरप्पाच्या वरातीत मुंडकं झाकलं तरी कोण कोणता ते ओळखू येई. एकाला मानच नाही, डोकं थेट खांद्यात रुतलेलं. एक कमरेएवढा बुटका, पण छाती दाराएवढी. ताडमाड वेताळाचे हात नडगीपर्यंत लोंबणारे. एक जण पखालीसारखं पोट पुढं घेऊन नाचतोय. आणि सगळ्यांच्या मागं हे पिशाच्च. पोट पाठीला टेकलेलं, कातडीखाली हाडन् हाड.

“सगळं ह्याच्या डोक्यातलं,” मठाचे पंच आप्पासाहेब अभिमानानं म्हणाले.

डोक्यातलं त्यात काहीच नव्हतं. बिनमानेचा गण म्हणजे मोंढ्यातला हमाल, तीस वर्षं पोती वाहून त्याची मान आत गेली होती. बुटका बिदरच्या जत्रेत भेटला होता. पखालीएवढं पोट एका आडत्याचं होतं, आणि ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. महादेवासाठी आप्पासाहेबांचा तालमीत जाणारा थोरला लेक उभा राहिला होता.

साहेबांची जीप गेली. माणसं पांगली. खांबाशी बसलेली एक बाई तेवढी उरली. कपाळ मोकळं, हातात पिशवी. ती उठून जवळ आली.

“पेंटर तुमीच का?”

“हाव. कोण गाव?”

“शिरूर अनंतपाळकडलं. साखराबाई म्हणत्यात मला. मोठ्या दुष्काळात आमच्याकडं तळ्याचं काम चालू व्हतं. तिथं तुमी माझ्या मालकाला उभं करून चित्र काढलं व्हतं.”

ईश्वरप्पाला सगळं आठवलं. भर दुपार होती. तळ्याच्या कामावर शेकडो माणसं माती वाहत होती. त्याला पिशाच्चासाठी अंग हवं होतं, आणि असलं अंग चालत्याबोलत्या माणसाचं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. टोपलं उचललेल्या त्या माणसानं विचारलं, “मला कशाला काढता?” खरं कसं सांगायचं? “उदगीरच्या मठात तुला महादेव करतो,” ईश्वरप्पाच्या तोंडून निघून गेलं. त्या माणसानं टोपलं खाली ठेवलं, डोक्याचं फडकं झटकून नीट बांधलं आणि चित्र होईपर्यंत उन्हात ताठ उभा राहिला. ईश्वरप्पानं त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

“त्याच साली गेले ते,” साखराबाई म्हणाली. “घरात फोटो न्हाई त्यांचा. धाकट्या लेकीला आवंदा उदगीरात दिली. तिच्याकडं आले, तर म्हणलं एकडाव बघून यावं. म्हादेव कंचा?”

ईश्वरप्पानं नंदीकडं बोट केलं. “हे बघा की.”

तिनं आधी हात जोडले. मग मान वर करून ती बघत राहिली. भरलेले दंड, रुंद छाती, तुकतुकीत पोटऱ्या. तिचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

“हे न्हाईत.”

“देवाचं चित्र हाय, बाई. जरा भरून काढावं लागतं.”

ती भिंतीच्या कडेकडेनं चालू लागली. हमालापाशी थांबली, पुढं गेली. बुटक्याला ओलांडलं, वेताळाला ओलांडलं. ईश्वरप्पाला वाटलं, आता आडवं जावं, तिला परत बोलवावं. पण तो नंदीपाशीच उभा राहिला. भिंत संपली तिथं ती थबकली. मग तिनं पदराच्या शेवानं पिशाच्चाच्या गालावरची धूळ पुसली.

आता ही शिव्याशाप देणार, असं ईश्वरप्पाला वाटलं. दिले असते तर बरं झालं असतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “त्यांनी उभं राहावं म्हणून तसं बोललो. दुसरं काही मनात नव्हतं. त्यांना लई वाईट वाटलं असतं, खरं सांगितलं असतं तर.”

“वाईट कशाचं? हसत घरी आले,” साखराबाई भिंतीकडंच बघत म्हणाली. “भाकर वाढली, तर ताट लेकींकडं सारलं. म्हणले, आता म्या म्हादेव हाय, देवाला भूक नसती. रोज तसंच म्हणायचे. लेकी हसायच्या, म्याबी हसायची. नवव्या दिशी उठलेच न्हाईत.”