चेंडूवरची रेघ

"ही रेघ आहे की धामण?" मनोहरलाल साहेबांनी चेंडू मनिरामच्या हातात परत ठेवला. "मधात बघ. कशी वळसा घेऊन राहिली."

मनिरामने पाहिलं. रेघ सरळ होती. सकाळपासूनचा हा चौथा चेंडू. चारही रेघा सरळ होत्या आणि चारही साहेबांनी वाकड्या ठरवल्या होत्या. त्याने चेंडू दुपट्ट्याला घासला. शाई निघेना, म्हणून थुंकी लावून घासला. मार्करचं टोपण दातात धरून तो पुन्हा उकिडवा बसला.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी घरापुढच्या बांदीत धान लावणं सोडून हिरवळ लावली होती. मधे एक खळगा, खळग्यात झेंडी. गोल्फ हा खेळ ते नागपूरला बदलीवर असताना शिकले. गाव त्याला साहेबांचा विटीदांडू म्हणायचं. चेंडूवर काळी रेघ मारायची. रेघेचं तोंड खळग्याकडे करून चेंडू ठेवायचा. नजर रेघेवरून हलू द्यायची नाही आणि काठीने हळूच ढकलायचं. मग चेंडू चुकत नाही, असं साहेबांचं म्हणणं. गेले दोन महिने तो चुकतच होता. चार हातांवरूनही. आणि दोष रेघेचा, म्हणजे मनिरामचा होता.

हे मनिरामला फार झोंबायचं. पाटबंधारे खात्यात मनोहरलाल साहेब होते आणि हा त्यांचा खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस होता. सव्वीस वर्षं साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि मनिरामने दूर समोर लाल-पांढरी काठी धरून ठेवली. साहेबांचा हात डावीकडे हलला की हा बोटभर डावीकडे. हात खाली आला की काठी पक्की. चोरखमारा तलावाच्या कालव्याचा जो फाटा साहेबांच्या घरासमोरून जातो, तो या दोघांनी असाच आखला. दीड किलोमीटर, कुठे बाक म्हणून नाही. नवीन इंजिनिअर आले की त्यांना मुद्दाम दाखवायला आणत. त्या मनिरामला आता लिंबाएवढ्या चेंडूवर सरळ रेघ मारता येत नव्हती.

साहेब अलीकडे सगळ्यांवरच चिडत. सुताराने चौकट वाकडी बसवली म्हणून त्याला दोनदा परत बोलावलं. गवंड्याला भिंतीला ओळंबा लावायला सांगितलं आणि मग ओळंबाच खोटा आहे म्हणून त्याला हाकलून दिलं. वय झालं की माणूस किरकिरा होतो, असं लोक म्हणत. मनिराम साहेबांपेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. तो कुठे किरकिर करत होता?

पाचवा चेंडूही परत आला. साहेब म्हणाले, उद्या रविवार आहे, नागपूरहून जुने मित्र दुलीचंदजी खेळायला येणार आहेत. त्यांच्यासमोर शोभा झाली तर सोमवारपासून येऊ नको.

मनिराम चेंडू घरी घेऊन आला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली. चेंडूच्या पोटाभोवती ताणून बसवली आणि तिच्या कडेने श्वास रोखून रेघ ओढली. मग त्याला स्वतःच्याच डोळ्यांची शंका आली. त्याने चेंडू चुलीपाशी बसलेल्या बायकोला, मंदाबाईला दाखवला.

"सरळ हाये," ती म्हणाली. "तुमच्या साहेबाचं डोस्कंच वाकडं हाये, त रेघ का करल?"

रविवारी दुलीचंदजी आले ते नव्या चेंडूंचा खोका घेऊनच. त्या चेंडूंवर रेघ आधीच छापलेली होती. कंपनीतच मशीनवर मारतात, हाताचं काम नाही, असं त्यांनी मनिरामला सांगितलं. मनोहरलाल साहेब तेव्हा आत बूट घालत होते.

मनिरामने क्षणभर विचार केला. आपला चेंडू त्याने खिशात टाकला. खोक्यातला एक उचलला आणि रेघेचं तोंड खळग्याकडे करून हिरवळीवर ठेवला. खोका पाठीमागे धरून तो उभा राहिला.

साहेब आले. वाकून त्यांनी चेंडूकडे पाहिलं. काठी उचललीसुद्धा नाही.

वाकडी, ते म्हणाले. पुन्हा वाकडी. मग दुलीचंदजींकडे वळून ऐकवायला लागले, की अशा माणसाच्या भरवशावर मी सव्वीस वर्षं कालवे काढले.

मनिराम याच घडीची वाट पाहत होता. त्याने खोका पुढे केला.

"साहेब, हे रेघ माही नाही. कंपनीनं मशीनवर मारली. आता मशीनलेही सांगा, सोमवारपासून येऊ नको म्हणून."

दुलीचंदजी पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. चिडलेही नाहीत. त्यांनी चेंडू उचलून डोळ्यांपुढे धरला. डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा मिटून पाहिलं, पूर्वी दुर्बिणीपाशी पाहायचे तसं. बराच वेळ पाहिलं. दुलीचंदजींचं हसू मधेच थांबलं.

मग साहेबांनी मान वर केली आणि हिरवळीच्या पलीकडे कालव्याकडे नजर लावली. त्यांचा हात आपोआप उठला आणि डावीकडे हलला, थोडा, अजून थोडा. मनिरामचे पायही आपोआप बोटभर डावीकडे सरकले. हात काही खाली येईना.

"मनिराम," ते हळू म्हणाले, "आपला कालवा मधात काऊन वाकला रे?"