कोपऱ्यातली वहिनी

व्यंगचित्रकाराच्या रोजच्या चित्रात मंत्री तावातावाने भांडत, आणि कोपऱ्यात चित्रकाराची स्वतःची बायको आपली भाजी निवडत बसलेली असे. वाचकांची ती लाडकी वहिनी. ती गेली, त्यानंतरच्या पहिल्या चित्रात त्याने कोपरा कोराच सोडला.

सकाळी अंक उघडला, तर कोपऱ्यात ती होती. शर्टाला बटण लावत बसलेली.

त्याने संपादकांना फोन लावला. "माझं मूळ चित्र बघता का जरा? कोपरा?"

"कोराच आहे हो," संपादक हळूच म्हणाले. "पण वाचकांचे सारखे फोन येतायत. वहिनी परत आल्या म्हणून."

डोळे पुसायला त्याने मान खाली घातली. अंगातल्या शर्टाचं कधीचं तुटलेलं बटण जागेवर होतं. दोरा दातांनी तोडलेला. टोक अजून ओलं होतं.