डुलकीचं बदक

कोल्हा मागे लागला होता आणि प्रूफवाल्यांना जेवायला वेळ नव्हता.

“सगळं गार झालं,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

“पूल ओलांडू दे. अंडं माझ्याकडे आहे.”

छापखान्यात उभी हयात प्रुफं तपासण्यात गेलेल्या, एकही ऱ्हस्व-दीर्घ नजरेतून न सुटलेल्या गृहस्थाच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं. पण सध्या ते फोनवरचं एक पिवळं बदक होते. लाल टोपीचं. चार बदकांनी मिळून अंडं घरट्यापर्यंत न्यायचं आणि कोल्ह्याला चुकवायचं, एवढाच खेळ. पोरंसोरं तो बसची वाट बघताना खेळत. प्रूफवाले तो चष्मा पुसून, ताठ बसून, परीक्षेला बसल्यासारखे खेळत.

मेहुणा आला होता. त्याने दारातून वाकून बघितलं.

“भावोजी, अहो, बदक? तेही टोपी घातलेलं? टाइमपासचा खेळ तो! जिंकलात तरी अंडं काही तळून मिळत नाही.”

“गप्प बस. पूल आलाय.”

मेहुणा स्वयंपाकघरात गेला आणि हळू आवाजात, म्हणजे भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात, म्हणाला, “ताई, पोटचा पोरगा गेला आणि हे बदकं हाकत बसलेत. डॉक्टरला दाखव एकदा.”

 ताईने वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.

फोन पोराचा होता. बदकही त्याचंच. बसल्या जागी कुठेही झोपायचा, म्हणून खेळात त्याने स्वतःचं नाव ‘डुलकी’ ठेवलं होतं. तापाचं निमित्त झालं आणि या खेपेला तो उठला नाही. माणसं येऊन, भेटून, समजूत घालून गेली. घर रिकामं झालं. तेव्हा टेबलावर त्याचा फोन किणकिणला. खेळातल्या ‘ढेकर’ नावाच्या सोबत्याने लिहिलं होतं:

‘डुलक्या मेलास का रे लवकर ये फार दिवस न उतरलेलं बदक तळ्यातुन पुसुन टाकतात’

‘तुन’ आणि ‘सुन’, दोन्ही दीर्घ हवेत, हे प्रूफवाल्यांनी सवयीने आधी पाहिलं. मग प्रश्न वाचला. आणि जन्मात चुकीचं काही छापू न दिलेल्या त्या माणसाने उत्तर लिहिलं:

‘नाही.’

तेव्हापासून कामावरून आले की बूटही न काढता ते पोराच्या पलंगाच्या कडेवर बसत. कुणाला कळता कामा नये, एवढीच धास्ती होती. कळलं तर ती पोरं दुसरा गडी घेतील, आणि मग पोरगा तळ्यातही उरायचा नाही. म्हणून ते लिहायचेही पोरासारखंच. ‘ठीक आहे’च्या जागी ‘ठिके’ हे पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा दाढ उपटल्यासारखा चेहरा झाला. मग जमलं. ‘ठिके.’ ‘आलोच.’ ‘काहिच नाय.’

खेळही सुधारला. सुरुवातीला कोल्हा त्यांनाच धरायचा. हल्ली दर वेळी ढेकर, नाहीतर ‘चिमटा’, नाहीतर ‘भोपळा’ नेमका मध्ये येऊन सापडायचा. पुलाशी तिघंही त्यांच्यासाठी थांबायची. पूर्वी उठल्यासुटल्या एकमेकांना ‘मेलास, मेलास’ म्हणून चिडवणारी ती पोरं आता तो शब्दच विसरली होती. आपला वचक बसला, असा प्रूफवाल्यांचा समज झाला. मनातल्या मनात त्यांनी हे पोराला कळवलंसुद्धा.

आज मात्र ढेकर रंगात आला. पुलावर मधोमध गोल गोल नाचू लागला. धक्का लागला आणि अंडं पाण्यात. प्रूफवाल्यांचं डोकं फिरलं. बोटं आपोआप चालली:

‘कृपया गांभीर्याने खेळा. हा पोरखेळ नव्हे.’

पाठवल्यावर त्यांनी त्यावरून नजर फिरवली. एकही चूक नव्हती. तीच चूक झाली होती.

तळ्यात कुणी हलेना. कोल्हासुद्धा झाडाआड उभा राहिला.  चोरी उघडी पडलेल्या माणसाने आणखी काय लिहायचं?

‘क्षमा असावी. मी निघतो.’

त्यांनी लाल टोपीचं बदक काठाकडे वळवलं. तिन्ही बदकं आडवी आली.

‘काका थांबा’ ढेकरने लिहिलं.

काका. या दोन अक्षरांवर प्रूफवाले अडकून पडले.

‘आम्हाला पहील्या दिवसापासुन माहीतीये’ चिमट्याने लिहिलं. ‘डुलकीने कधीच पुर्णविराम दिला नव्हता’

मग बऱ्याच वेळाने भोपळा, जो एरवी एक अक्षर लिहीत नसे:

‘तुम्हीपण नका देऊ’

ओळीओळीत चुका होत्या, हे प्रूफवाल्यांना माहीत होतं. चष्मा पुसूनही त्यांना एकही दिसेना.

बायको दारात येऊन उभी राहिली होती. “पूल ओलांडला का त्याने?” तिने विचारलं.

“नाही अजून. पोरं थांबलीयत त्याच्यासाठी.”

ती येऊन पलंगाच्या दुसऱ्या कडेवर बसली. प्रूफवाल्यांनी उत्तर लिहिलं. बोट सवयीने टिंबाकडे गेलं, तिथे क्षणभर थांबलं, आणि त्यांनी ते मागे घेतलं.

‘ठिके’