मासोळीचं पथ्य

डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला नुसतं बोट लावलं आणि वाहेदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला होता. चांदूर बाजारहून अकोल्यापर्यंत एसटीत तो पाय त्यांनी पंजाबरावांच्या पिशवीवर ठेवून आणला होता. पंजाबराव शेजारच्या खुर्चीत बसले होते. तपासणी त्यांचीही होती, पण त्यांचे हात आता ठणठणीत होते. वाहेदभाईंना अंगठ्यापेक्षा तेच जास्त लागत होतं.

दोघांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. बारीक स्क्रू पंजाबरावांनी फिरवायचे, पायडल मारून मशीन वाहेदभाईंनी चालवून बघायची. गेल्या साली पंजाबरावांची बोटं सकाळी वळेनाशी झाली, तेव्हा याच डॉक्टर प्रियदर्शनींनी आमवात सांगितला. गोळ्या अजिबात चुकवू नका, म्हणाल्या, आणि जोडीला मासोळी, जवस, पालेभाजी खा, सूज उतरायला मदत होते. पंजाबरावांच्या घरी मासोळी कधी शिजत नव्हती. मग वाहेदभाईंनी ते आपल्या डोक्यावर घेतलं. त्यांची बायको जैनबबी दोघांपुरता मासोळीचा रस्सा डब्यात देऊ लागली. एकट्या माणसाला पथ्य जड जातं, म्हणून वाहेदभाईही तेच जेवू लागले. दोस्ती म्हणजे दोस्ती. गोळीची वेळ चुकायला नको म्हणून पंजाबराव आधी जेवून घेत, आणि दुपारची नमाज पढून वाहेदभाई परत येईपर्यंत त्यांची ताटली वाढून ठेवत.

दोन-तीन महिन्यांत पंजाबरावांची बोटं मोकळी झाली आणि वाहेदभाईंचा अंगठा धरला. आपल्यालाही आमवातच, असा निकाल वाहेदभाईंनी परस्पर लावून टाकला. पथ्य कमी पडत असेल म्हणून जैनबबीला रस्सा वाढवायला सांगितला. अंगठा आणखी सुजला. एकाच डब्यातलं अन्न, त्यावर एक माणूस बरा होतो आणि दुसऱ्याला चप्पल घालवत नाही, म्हणजे आपलं दुखणं हाताबाहेर गेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांच्या अब्बांचे सांधेही असेच धरले होते आणि शेवटची वर्षं खाटेवर गेली होती. पायडल सुटलं की दुकान सुटलं. हे त्यांनी घरी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. आज डॉक्टरांपुढे सगळं बाहेर पडलं.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट नीट वाचला. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला आमवात नाही. तुमचं युरिक ॲसिड वाढलंय. औषधानं हे आटोक्यात राहतं. तुम्ही पायडल मारणार."

वाहेदभाईंना इतकं हलकं वाटलं की दुखरा पाय त्यांनी जमिनीवर टेकवला आणि लगेच उचलला. हसू मात्र गेलं नाही. डॉक्टरांनी मासोळी आणि कलेजी तूर्त बंद सांगितली. पाणी भरपूर, दूध-दही चालेल.

"पण मॅडम, तेच खाऊन आमचे भाऊ तं बरे झाले," वाहेदभाई म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं. आजार दोन, तर पथ्यंही दोन. पंजाबरावांना गुण आला तो मुख्यतः गोळ्यांनी, मासोळीचा फक्त हातभार. वाहेदभाईंचं युरिक ॲसिड मात्र तिनंच आणखी चढवलं. तरी रिपोर्टातला आकडा बघून त्या जरा अडखळल्या. दोघांत वाटून खाल्ल्यावर इतकं चढायला नको, म्हणाल्या. रोज खात तरी किती होता?

वाहेदभाईंनी पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांची मान खाली गेली होती.

"मले वासानंच मळमळते, मॅडम," ते म्हणाले. "भाभीले वाईट वाटन म्हणून बोललो नाई. जवसाची चटणी खाऊन उठत होतो, अन् माह्या वाटणीची सारी मासोळी याच्याच ताटलीत वाढून राहिलो होतो."