सुतकातली अटक

पोलिसांची जीप अंगणात शिरली तशी बायजा दारात आडवी झाली. पुढून नेत्रा उतरली. कपाळावरची पट्टी अजून निघाली नव्हती.

"आलीस व्हय सूड उगवायला?" बायजा कडाडली. "उंबऱ्याला पाय लावशील तर तंगडं मोडीन!"

नेत्रा याच वाडीची सून, आरोग्य खात्याची आशा सेविका. गेल्या आठवड्यात रानात वानर मरून पडलं. साक्षात मारुतीराया. वाडीनं त्याला अंघोळ घातली, हार घातला. बायजाच्या नवऱ्यानं, यशवंतानं, त्याला खांद्यावर घेतलं, तोच ही समोर उभी. "टाका ते खाली! गोचिडी अंगावर चढतील, माकडताप होईल." देवाला टाका म्हणाली! यशवंतानं काठी हाणली. रक्त वाहिलं, पण देवाला माती मिळाली, वाडीनं त्याचं सुतक धरलं.

नेत्रानं तक्रार केली नाही. भ्याली, म्हणून वाडी हसली. मग काल पुन्हा दारात आली. "ताप भरलाय म्हणं दादाला. रक्त तपासू या, चला."

"सुतक फिटल्याबिगर मी घर सोडायचा न्हाई," यशवंत आतून ओरडला. "देवाची आण हाय!" बायजानं तिच्या अंगावर शेणकालाच फेकला.

आणि आज ही पोलीस घेऊन आली.

"सकाळीच तक्रार दिलीया बाईंनी," हवालदार म्हणाला. "साथीचा कायदा हाय. आरोग्याच्या माणसावर हात टाकला की जामीन न्हाई."

दोघा शिपायांनी यशवंताला बखोटीला धरून बाहेर आणलं. डोळे लालभडक, पाय लटपटत होते. वाडी गोळा झाली. कुणीतरी नेत्राच्या पायाशी पचकन थुंकलं. बायजानं तिचा पदरच धरला.

"वाटोळं होईल गं तुझं! तापानं फणफणल्या माणसाला तुरुंगात घालतीस?"

नेत्रानं पदर सोडवून घेतला नाही.

"गाडीत बस, बायजाक्का. त्याच्याजवळ कुणीतरी लागंल. तो काय आपल्या पायानं निघाला न्हाई, देव समजून घेईल." मग ती हवालदाराकडं वळली. "साहेब, अटक केल्या माणसाला आधी डॉक्टरला दाखवावंच लागतं न्हवं? गाडी दवाखान्याकडं घ्या."