गिअरचं ऑइल

“रंगावरून नाही ठरत, काका,” दुकानदार म्हणाला. “लाल तर निम्मी ऑइलं असतात.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. औषधाच्या दुकानात रिकामी बाटली दाखवली की काम होतं, तसंच हेही असेल अशी त्याची समजूत. म्हणून तर डाग पडलेला पुठ्ठा फाडून, कागदात गुंडाळून आणला होता. पुडकं पिशवीतच राहिलं.

“मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही,” तो म्हणाला. “जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी मुलाची. ऑटोमॅटिक आहे, एवढं ठाऊक आहे.”

“मग तर जपूनच घ्यायला हवं. ऑटोमॅटिकला चुकीचं ऑइल घातलं की आधी गिअर घसरायला लागतात, मग गाडी जागची हलत नाही. अख्खा गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते. मॉडेल कुठलं? साल?”

म्हाताऱ्याने वाटेत घोकत आणलेलं सगळं एका दमात सांगितलं. दुकान अरुंद होतं. छतापर्यंत डबे, वर खुंट्यांना पट्टे टांगलेले, आणि कशालाही हात लावला तरी बोटं ओशट होतील असं वाटायला लावणारा वास. दुकानदाराचे डोळे सुजलेले होते, शर्ट कालचाच दिसत होता.

“मुलाला का नाही पाठवलंत?”

“झोपलाय.”

तो झोपलेला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि त्यामुळेच म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. मागे नोकरी गेली, पाठोपाठ सून माहेरी निघून गेली, तेव्हाही मुलगा असाच पडून राहिला होता. शेवटी त्याला मरणाच्या दारातून ओढून आणावं लागलं. मग ही जुनी गाडी आली, कंपनीच्या लोकांना घरी सोडायचं काम मिळालं, तेव्हा कुठे स्वारी दाढी करायला लागली. भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला लागली. ती कुरकुर ऐकून म्हाताऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले होते.

काल तो उशिरा आला. जेवला नाही. गाडी मात्र धुऊन काढली, जी त्याने आजवर कधी धुतली नव्हती, आणि वर येताना मध्येच पायरीवर बसून राहिला. सकाळी म्हातारा खाली गेला तर गाडीच्या तोंडाखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर लालसर डाग. त्याने वर येऊन विचारलं, “गिअरचं ऑइल गळतंय का रे?” असं काहीतरी गळतं, हे त्याने शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मुलाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“हो,” मग तो म्हणाला. “तेच.” आणि पुन्हा भिंतीकडे वळत, “सगळं संपलं, बाबा.”

म्हातारा घाबरला. बायको असती तर तिने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला असता. त्याला तेही नीट जमत नव्हतं. ऑइल आणणं तेवढं जमण्यासारखं होतं, म्हणून तो पायात चप्पल सरकवून निघाला.

दुकानदार जाडजूड पुस्तकाची पानं उलटत होता. “हे खातं माझ्या धाकट्या भावाचं. तो असता तर डोळे मिटून डबा काढून दिला असता.”

“सुट्टीवर का?”

“हॉस्पिटलात आहे. काल रात्रीपासून.”

“अरे! काय झालं?”

“बघू. डॉक्टर काही धड सांगत नाहीत.” दुकानदाराने पान उलटलं. “तिथे नुसतं दाराकडे बघत बसवेना, म्हणून दोन तास इकडे आलो. हं, सापडलं.”

त्याने शिडी लावून वरचा डबा काढला, त्याच्यावरचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला आणि डबा काउंटरच्या काचेवर ठेवला.

“नक्की हेच ना?” म्हाताऱ्याने विचारलं.

“हेच.”

“रागावू नका, पण एकदा हा डाग बघाच. चूक झाली तर माझं पोरगं परत उठायचं नाही हो.”

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि पुडकं उघडलं. म्हाताऱ्याचं समाधान व्हावं म्हणून त्याने फोडलेल्या एका डब्यातला थेंब पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर सोडला. थेंब मुरला आणि त्याच्याभोवती ओशट कडं पसरत गेलं.

जुन्या डागाला कडं नव्हतं. दुकानदाराने त्यावरून नख फिरवलं. पापुद्रा सुटला. त्याने तो नाकाशी नेला, मग फडक्याचं टोक ओलं करून डागावर घासलं. फडकं लाल झालं.

“काका, ऑइल वाळत नाही.”

“म्हणजे?”

“वर्षभर पडून राहिलं तरी चिकटच राहतं. आणि नुसत्या पाण्याने असं सुटत नाही.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “तुमचा मुलगा काल कुठल्या रस्त्याने घरी आला?”

“का?”

“धाकट्याला काल रात्री गाडीने उडवलं. पुलाच्या उतारावर. गाडीवाला थांबलासुद्धा नाही.”

म्हातारा फडक्याकडे बघत राहिला. त्याने दोन्ही हातांनी काचेची कड धरली.

“काका, मी काय विचारतोय? मुलगा कुठल्या रस्त्याने आला?”

“मुलगा घरीच होता,” म्हातारा म्हणाला. “काल गाडी मी चालवत होतो.”