रेवासाठी केक

मैथिली अंघोळ करून स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिची पाच वर्षांची रेवा आंब्याच्या केकचा मोठा घास तोंडात कोंबत होती. केकवर भाजलेले पांढरे तुकडे दिसत होते.

"थुंक आधी!" मैथिली किंचाळली आणि बोट घालून तिने तो घास बाहेर काढला. मागच्या मे महिन्यात सुट्टीला सासरी आल्यावर याच घरात काजूकतली खाऊन रेवाचा घसा सुजला होता. रत्नागिरीचं हॉस्पिटल येईपर्यंत ती आईच्या मांडीवर श्वासासाठी तडफडत होती.

सासरे ओव्हनपाशी उभे होते. त्यांची स्वतःची काजूची बाग. काजूने कुणाला काही होतं, हे तेव्हा त्यांना पटलंच नव्हतं.

"भाऊ, काजू घातलेत यात?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"नाही गो. कलिंगडाच्या बिया आहेत त्या." त्यांनी टरफलांची ताटली पुढे केली. "डॉक्टरांना विचारलं आधी. मग रोज दुपारी सोलत बसलो. घरातले काजू तुम्ही यायच्या आधीच शेजारी धाडले. केकचं भांडंसुद्धा नवं आणलंय."

मैथिलीने रेवाचे ओठ पाहिले, मान पाहिली. कुठेही सूज नव्हती. श्वास नीट चालला होता. ती लेकीजवळ फरशीवर बसली.

"आई, खाऊ ना मी?" रेवाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"खा, बाळा." तिने लेकीला कुशीत ओढलं. मग डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, मलाही द्या एक तुकडा."